शीत ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास: पुण्यात बसून सुरुवात कशी करावी

शरट तारकासमूहात ईव्ही लॅसर्टी नावाचा एक लहानसा लाल तारा आहे. तो आपल्यापासून सुमारे साडेसोळा प्रकाशवर्षे दूर आहे. त्याची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा अंक, दहाच्या आसपास असल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; पण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमारास तो पुण्याच्या आकाशात उत्तरेकडे चांगला उंचावर असतो आणि सहा इंची दुर्बिणीतून सापडतो. या ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राविषयी वाचायला घेतले की नवखा अभ्यासक पहिल्याच दिवशी बुचकळ्यात पडतो, कारण एका शोधनिबंधात ते क्षेत्र सुमारे ४००० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) दिलेले असते आणि दुसऱ्यात ५०० ते ६०० गॉस. दोन्ही आकडे काळजीपूर्वक काढलेले आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला आकडा ताऱ्याच्या पृष्ठभागावरील सगळ्या क्षेत्राचा आहे, मग त्याची दिशा कोणतीही असो. दुसरा आकडा त्यातल्या फक्त मोठ्या आकाराच्या, सुसूत्र रचनेचा आहे.

या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे हेच असते. ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र थेट मोजणारे कोणतेही एक उपकरण नाही. प्रत्येक पद्धत वेगळी राशी मोजते, आणि कोणता आकडा कोणत्या राशीचा आहे हे वहीत लिहून ठेवले नाही, तर सहा महिन्यांनी आपल्याच नोंदींचा अर्थ आपल्याला लागत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करावी आणि तिच्यात प्रत्येक आकड्यापुढे मोजलेली राशी, पद्धत, निरीक्षणाचा दिनांक आणि त्रुटी असे चार रकाने ठेवावेत. पुढे जे सांगणार आहे ते भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थी किंवा चिकाटीचा हौशी निरीक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून सांगणार आहे. साधा लॅपटॉप, पायथॉनची जुजबी ओळख आणि इंटरनेट एवढे साहित्य बहुतेक टप्प्यांना पुरते.

शीत तारे म्हणजे कोणते, हे आधी ठरवून घेऊ. ज्यांचे पृष्ठतापमान साधारण ६५०० ते ७००० केल्विनच्या खाली आहे आणि ज्यांच्या बाहेरच्या थरात उष्णता अभिसरणाने, म्हणजे तापलेला वायू वर येऊन आणि थंड झालेला खाली जाऊन वाहते, ते शीत तारे. तापमानाच्या उतरत्या क्रमाने ताऱ्यांचे जे वर्ग केले आहेत, त्यांतल्या एफ वर्गाच्या उत्तरार्धापासून जी, के आणि एम हे वर्ग यात येतात. आपला सूर्य जी वर्गातला आहे. हे अभिसरण आणि ताऱ्याचे परिवलन मिळून विद्युतवाहक वायूत डायनॅमो चालवतात आणि चुंबकीय क्षेत्र सतत नव्याने निर्माण होत राहते. सूर्याच्या सुमारे ३५ टक्क्यांपेक्षा कमी वस्तुमानाचे एम तारे तर केंद्रापासून पृष्ठापर्यंत संपूर्ण अभिसरणशील असतात. सूर्यात प्रारण-थर आणि अभिसरण-थर यांच्या सीमेवरचा भाग डायनॅमोत महत्त्वाचा मानला जातो. या ताऱ्यांत ती सीमाच नसते, तरीही त्यांची क्षेत्रे हजारो गॉसची भरतात. ईव्ही लॅसर्टी बरोबर या उंबरठ्यापाशी आहे.

पहिला तारा: सूर्य

संगणक उघडण्याआधी पंधरा दिवस सूर्याला द्यावेत. ज्या ताऱ्याचे बिंब आपल्याला तपशिलासह दिसते असा हा एकमेव शीत तारा आहे आणि बाकीच्या ताऱ्यांविषयीचे आपले बहुतेक अंदाज याच्यावरूनच बांधलेले आहेत. गच्चीवर छोट्या अपवर्तक दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी आणि रोज एकाच वेळी डागांची जागा पेन्सिलीने टिपावी. दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि शोधक दुर्बिणीला झाकण लावायला विसरू नये. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी उत्तम असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे नोंदी तुटतात, आणि तुटलेल्या नोंदींवरून परिवलनकाल काढणे अवघड असते.

एक डाग पूर्वेच्या कडेपासून पश्चिमेच्या कडेपर्यंत जाताना पाहिला की पृथ्वीवरून दिसणारा सुमारे २७ दिवसांचा परिवलनकाल स्वतःच काढता येतो. याच नोंदींतून आणखी एक गोष्ट लक्षात येते: डाग बहुतेकदा जोडीने किंवा समूहाने येतात. समूहातल्या पुढच्या आणि मागच्या डागांची ध्रुवता परस्परविरुद्ध असते, हे जॉर्ज एलरी हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. डागांत चुंबकीय क्षेत्र असल्याचे हेल यांनी १९०८ मध्येच सिद्ध केले होते. मोठ्या डागात २००० ते ३००० गॉस क्षेत्र असते, पण संपूर्ण बिंबाची सरासरी घेतली तर उत्तर आणि दक्षिण ध्रुवता एकमेकींना खोडून काढतात आणि हाती उरते ते जेमतेम एखाद्या गॉसच्या घरातले क्षेत्र. दूरचा तारा आपल्याला केवळ बिंदू म्हणून दिसत असल्यामुळे ही वजाबाकी टाळता येत नाही. ईव्ही लॅसर्टीच्या दोन आकड्यांमधल्या तफावतीचे मूळही इथेच आहे.

तारा निवडणे आणि परिवलनकाल काढणे

तारा निवडताना तो तेजस्वी असावा, एकटा असावा आणि त्याच्याविषयी आधीच बरेच काही माहीत असावे. पहिल्या अभ्यासात नवे काही शोधायचे नसते. माहीत असलेले उत्तर आपल्या हाताने परत मिळवायचे असते. वेगाने फिरणाऱ्या एम ताऱ्यांसाठी ईव्ही लॅसर्टी किंवा सिंह तारकासमूहातील एडी लिओनिस, मध्यम सक्रिय के ताऱ्यांसाठी सुमारे साडेदहा प्रकाशवर्षांवरचा एप्सिलॉन एरिडानी, आणि शांत, वयस्क ताऱ्यांसाठी हंस तारकासमूहातील ६१ सिग्नी अ असे चार तारे मी सुचवतो. शेवटच्या ताऱ्याचे सुमारे सात वर्षांचे सक्रियता-चक्र प्रसिद्ध आहे आणि सूर्याप्रमाणेच त्याची ध्रुवता उलटताना पाहण्यात आली आहे.

परिवलनकालासाठी टेस या अवकाश दुर्बिणीची निरीक्षणे वापरावीत. ती एप्रिल २०१८ मध्ये प्रक्षेपित झाली. आकाशाचा एकेक पट्टा ती सुमारे २७ दिवस पाहते, आणि तिची सगळी निरीक्षणे मास्ट या संग्रहात विनामूल्य मिळतात. पायथॉनमधील लाइटकर्व्ह या साधनाला ताऱ्याचे नाव दिले की दर दोन मिनिटांच्या नोंदींचा प्रकाशवक्र उतरवून घेता येतो. त्यातील सदोष म्हणून खूण केलेल्या नोंदी काढाव्यात, अचानक वर उसळणारे ज्वालांचे बिंदू बाजूला ठेवावेत आणि उरलेल्या वक्रावर लॉम्ब-स्कार्गल आवर्तनपट, म्हणजे वक्रात लपलेला पुनरावृत्तीचा काल शिखराच्या रूपात दाखवणारे गणित, चालवावे. ईव्ही लॅसर्टीसाठी शिखर ४.३७ दिवसांच्या आसपास आले, तर तुमची पद्धत बरोबर आहे. बाजूला काढलेल्या ज्वाला टाकून मात्र देऊ नयेत. एप्रिल २००८ मध्ये स्विफ्ट उपग्रहाने याच ताऱ्याची एक प्रचंड ज्वाला टिपली होती, आणि ज्वालांची वारंवारता हादेखील चुंबकीय सक्रियतेचा स्वतंत्र पुरावा आहे.

या टप्प्यावर तीन ठिकाणी फसगत होते. पहिली फसगत माझी स्वतःची झालेली आहे. एका के ताऱ्याचा परिवलनकाल मी साडेपाच दिवस काढला, तो आठवडाभर मनात पक्का धरून चाललो आणि नंतर वर्णपटातून मिळालेल्या परिवलनवेगाशी तो जुळेना. त्या ताऱ्यावर परस्परांच्या समोरच्या बाजूंना दोन डागसमूह होते, म्हणून एका फेरीत तेज दोनदा घटत होते आणि खरा काल दुप्पट होता. तेव्हापासून मी कोणतेही शिखर स्वीकारण्याआधी वक्र त्या कालाने आणि त्याच्या दुप्पट कालाने असा दोनदा घडी घालून, म्हणजे वक्राचे तेवढ्या कालाचे तुकडे एकावर एक ठेवून, पाहतो. दुप्पट कालाच्या घडीत दोन दऱ्यांची खोली वेगवेगळी दिसली, तर दुप्पट कालच खरा धरावा. दुसरी फसगत अशी की उपकरणाचे दोष काढून टाकणारी सुधारित नोंद वापरली, तर १३-१४ दिवसांपेक्षा लांब चढउतार त्या सुधारणेतच पुसले जाऊ शकतात. म्हणून संथ ताऱ्यांसाठी सुधारित आणि मूळ असे दोन्ही वक्र शेजारी ठेवून पाहावेत. तिसरी फसगत शेजाऱ्यांमुळे होते. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा असतो, त्यामुळे जवळपासच्या ताऱ्याचा प्रकाशही त्यात मिसळतो.

प्रकाशवक्रातून चुंबकीय क्षेत्र मिळत नाही, डागांची असमान वाटणी तेवढी मिळते, हे वहीत लिहायला विसरू नये. सूर्य सक्रियतेच्या शिखरावर असताना काळे डाग वाढूनही एकूण सुमारे एक दशांश टक्क्याने उजळ होतो, कारण डागांभोवतीचे तेजस्वी पट्टे डागांवर मात करतात. तरुण, वेगवान ताऱ्यांत याच्या उलट घडते. म्हणून तेज घटले म्हणजे क्षेत्र वाढले, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

कॅल्शियमच्या दोन रेषा

चुंबकीय क्षेत्र दीप्तिगोलाच्या, म्हणजे ताऱ्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या, वर असलेल्या वर्णगोल या विरळ थराला तापवते, आणि त्याची खूण आयनित कॅल्शियमच्या ३९६.८५ आणि ३९३.३७ नॅनोमीटरवरील एच आणि के रेषांच्या तळाशी उत्सर्जन म्हणून उमटते. ओलिन विल्सन यांनी माउंट विल्सन वेधशाळेत १९६६ मध्ये याच रेषांवर दीर्घ निरीक्षणे सुरू केली, आणि सूर्यासारखी चक्रे इतर ताऱ्यांनाही असतात हे त्यातून कळले. सूर्यापुरते हे दृश्य प्रत्यक्ष पाहायचे, तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने तयार केलेली सूट ही दुर्बीण सप्टेंबर २०२३ मध्ये आदित्य-एल१ यानातून गेली आहे, आणि तिच्या अकरा गाळण्यांपैकी एक कॅल्शियमच्या एच रेषेसाठीच आहे. कॅल्शियमचा प्रकाश नेमका डागांच्या भोवतालच्या चुंबकीय प्रदेशांतून येतो, हे त्या प्रतिमांत स्पष्ट दिसते.

गणित सोपे आहे. दोन्ही रेषांच्या मध्यावर अर्ध्या उंचीवर १.०९ अँगस्ट्रॉम (०.१०९ नॅनोमीटर) रुंद असलेल्या त्रिकोणी खिडक्या ठेवून त्यांतील प्रकाश मोजायचा, दोन्ही बाजूंना २० अँगस्ट्रॉम रुंदीच्या संदर्भखिडक्यांतील प्रकाश मोजायचा आणि पहिल्या बेरजेला दुसऱ्या बेरजेने भागायचे. हा भागाकार ज्या उपकरणाच्या वर्णपटावरून काढला, त्याच्याशी बांधलेला असतो. म्हणून माउंट विल्सनच्या मोजपट्टीवर ज्यांचे मूल्य ठाऊक आहे असे दहा-बारा तारे घेऊन तो त्या मोजपट्टीवर आणावा लागतो, आणि तसे केल्यावर सूर्याचे मूल्य ०.१७ च्या जवळपास येते. थंड ताऱ्याचा निळा प्रकाश मुळातच कमी असल्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या ताऱ्यांची तुलना करताना रंगाची दुरुस्तीही करावी लागते. एम ताऱ्यांत निळ्या भागात प्रकाश इतका कमी असतो की तिथे ६५६.३ नॅनोमीटरची एच-अल्फा रेषा अधिक सोयीची पडते. सक्रिय एम ताऱ्याची उत्सर्जित एच-अल्फा चांगल्या हौशी वर्णपटमापकालाही टिपता येते.

झीमन परिणाम: खरी मोजणी

इथपर्यंत आपण चुंबकीय क्षेत्राच्या खुणा पाहिल्या. पीटर झीमन यांना १८९६ मध्ये सापडलेल्या परिणामाने आपण क्षेत्रापर्यंत पोहोचतो. चुंबकीय क्षेत्रात अणूची वर्णरेषा घटकांत विभागते, आणि या विभागणीचे अंतर क्षेत्राच्या, रेषेच्या लांडे गुणकाच्या (ती रेषा क्षेत्राला किती संवेदनशील आहे हे सांगणाऱ्या अंकाच्या) आणि तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे आकडे एकदा हाताने मांडून पाहावेत, कारण या क्षेत्रातील उपकरणांची सगळी रचना त्यांतून समजते. नॅनोमीटरमध्ये घेतलेल्या तरंगलांबीच्या वर्गाला लांडे गुणकाने आणि गॉसमधील क्षेत्राने गुणावे, मग ४.६७ ने गुणून दहाच्या बाराव्या घाताने भागावे. म्हणजे रेषेचे सरकणे नॅनोमीटरमध्ये मिळते. लोहाच्या ६१७.३ नॅनोमीटरच्या रेषेचा लांडे गुणक २.५ आहे. १००० गॉस क्षेत्रात ती केवळ ०.००४५ नॅनोमीटर सरकते, म्हणजे वेगाच्या भाषेत सेकंदाला २.२ किलोमीटर. अवरक्तातील १५६४.९ नॅनोमीटरच्या लोहरेषेचा गुणक ३ आहे, आणि तेवढ्याच क्षेत्रात तिचे सरकणे सेकंदाला साडेसहा किलोमीटर भरते.

आता याची तुलना उपकरणाशी करावी. ६०,००० विभेदनक्षमतेचा वर्णपटमापक सेकंदाला ५ किलोमीटरपर्यंतचा तपशील वेगळा करतो. म्हणजे दृश्य प्रकाशात १००० गॉसचे क्षेत्र त्याला रेषेच्या किंचित रुंदावण्याखेरीज काही दाखवणार नाही, आणि त्यातच उष्णतेचे, वायूच्या खळबळीचे आणि परिवलनाचे रुंदावणे मिसळलेले असते. म्हणून या पद्धतीसाठी संथ फिरणारा तारा घ्यावा, जमल्यास अवरक्त वर्णपट घ्यावा आणि कधीही एकाच रेषेवर विसंबू नये. जवळपास सारख्या खोलीच्या पण वेगवेगळ्या लांडे गुणकांच्या रेषा निवडाव्यात. क्षेत्राला संवेदनशील रेषा रुंदावली आणि असंवेदनशील रेषा तशीच राहिली, तर तो फरक चुंबकीय आहे असे म्हणता येते. सूर्यासारख्या ताऱ्यांत ६३०.१५ आणि ६३०.२५ नॅनोमीटरची लोहरेषांची जोडी सरावासाठी चांगली आहे. एम ताऱ्यांत ९६५ ते ९८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील टायटॅनियमच्या रेषा मला सर्वांत विश्वासार्ह वाटतात, कारण त्याच कुटुंबातील ९७४.४ नॅनोमीटरची रेषा क्षेत्राला जवळजवळ दाद देत नाही आणि तुलनेसाठी हाताशीच असते.

या मोजणीतून ताऱ्याच्या पृष्ठभागावरील क्षेत्राचे परिमाण आणि त्याने व्यापलेला अंश यांचा गुणाकार मिळतो. संपूर्ण पृष्ठभागावर १००० गॉस आणि पाव पृष्ठभागावर ४००० गॉस यांतला फरक उत्कृष्ट वर्णपटातच ओळखता येतो. साध्या वर्णपटावरून तो ओळखल्याचा दावा करू नये. ईव्ही लॅसर्टीचे ४००० गॉस या पद्धतीचे आहेत.

ध्रुवीकरण

झीमन घटक वर्तुळाकार ध्रुवित असतात आणि त्यांच्या ध्रुवीकरणाची दिशा क्षेत्राच्या ध्रुवतेवर ठरते, म्हणून ध्रुवित प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे स्टोक्स व्ही, आपल्याला क्षेत्राची दिशाही सांगतो. हा संकेत फार क्षीण असतो. सूर्यासारख्या ताऱ्यात एका रेषेत तो दहा हजारांत एक भागाहूनही कमी असतो. १९९७ मध्ये दोनाती आणि सहकाऱ्यांनी मांडलेली लीस्ट स्क्वेअर्स डीकॉन्व्होल्यूशन ही पद्धत हजारो रेषांचा संकेत एकत्र आणून एक सरासरी रेषा तयार करते, आणि तेव्हा तो दिसू लागतो.

अशी निरीक्षणे पुण्यातून घेता येत नाहीत. गिरवलीच्या डोंगरावरील आयुकाच्या दोन मीटर दुर्बिणीवरचा आयफॉस्क हा वर्णपटमापक एच-अल्फासारख्या ठळक रेषांसाठी उपयोगी आहे, पण त्याची विभेदनक्षमता झीमन मोजणीसाठी पुरेशी नाही. मात्र हवाईतील एस्पाडॉन्स आणि फ्रान्समधील नारवाल या उपकरणांचे हजारो ध्रुवित वर्णपट पोलारबेस या संग्रहात खुले आहेत. त्यांची विभेदनक्षमता सुमारे ६५,००० आहे आणि ३७० ते १०५० नॅनोमीटर एवढा पल्ला असल्यामुळे एकाच वर्णपटात कॅल्शियम, एच-अल्फा आणि टायटॅनियम या तिन्हींचे काम होते. माझ्या मते पुण्यातल्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठी खाण दुसरी नाही.

वर्णपट उतरवल्यावर आधी शून्य-वर्णपट पाहावा. प्रत्येक ध्रुवित निरीक्षण चार उपनिरीक्षणांतून बनते, आणि तीच उपनिरीक्षणे वेगळ्या क्रमाने जोडली की ताऱ्याचा संकेत नाहीसा होऊन फक्त उपकरणाची चूक उरते. त्यात रेषेच्या जागी काही उमटलेले दिसले, तर ते निरीक्षण बाजूला ठेवावे, व्ही-संकेत कितीही आकर्षक दिसला तरी. त्यानंतर ताऱ्याच्या तापमानाला साजेशी रेषांची यादी वाल्ड या माहितीसंग्रहातून घ्यावी, सरासरी रेषा काढावी आणि तिच्यावरून दृष्टिरेषेच्या दिशेतील सरासरी क्षेत्र काढावे. हे क्षेत्र आधी काढलेल्या परिवलनकालाने घडी घालून मांडले की ते धन-ऋण होताना दिसते. ज्या संध्याकाळी हा वक्र आपल्या पडद्यावर पहिल्यांदा उमटतो, तेव्हा टेसच्या प्रकाशवक्रावर घालवलेले दिवस सार्थकी लागतात, कारण त्या कालात चूक असेल तर हे बिंदू नुसते विखुरतात.

पुढची पायरी म्हणजे झीमन-डॉप्लर प्रतिमांकन. मूळ कल्पना सेमेल यांनी १९८९ मध्ये मांडली: फिरत्या ताऱ्याचा प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने आपल्याकडे येतो किंवा दूर जातो, म्हणून त्याचा संकेत रेषेत वेगळ्या जागी पडतो, आणि सर्व कलांचे, म्हणजे फेरीतल्या सर्व टप्प्यांचे, वर्णपट एकत्र करून पृष्ठभागाचा चुंबकीय नकाशा काढता येतो. पूर्ण फेरीवर सारखे पसरलेले निदान दहा-बारा वर्णपट हाती नसतील तर याच्या वाटेला जाऊ नये. गणिताला अनेक उत्तरे शक्य असतात आणि त्यांतले सर्वांत साधे उत्तर निवडले जाते, त्यामुळे नकाशातला प्रत्येक ठिपका खरा मानायचा नसतो. लहान क्षेत्रे एकमेकांत विरून जातात आणि मोठी रचना उरते. ईव्ही लॅसर्टीचे ५०० ते ६०० गॉस इथून येतात.

खोडदचा मार्ग

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे, पुण्यापासून ८० किलोमीटरवर, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. ताऱ्याच्या किरीटातील, म्हणजे सर्वांत बाहेरच्या तप्त वातावरणातील, इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांभोवती फिरतात आणि ती वारंवारता दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ असते. अनुकूल परिस्थितीत तेच इलेक्ट्रॉन मेसरसारखे (म्हणजे रेडिओ लहरींच्या लेसरसारखे) एकदिश उत्सर्जन करतात, आणि तेव्हा वारंवारता कळली की उत्सर्जनाच्या जागेवरचे क्षेत्र साध्या भागाकाराने मिळते. जीएमआरटीचा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे सुमारे २०० ते ३०० गॉसचे क्षेत्र. २०२० मध्ये युरोपातील लोफर दुर्बिणीने जीजे ११५१ या शांत एम ताऱ्याचे सुमारे १५० मेगाहर्ट्झवरचे ध्रुवित उत्सर्जन टिपले. तिथे हाच भागाकार पन्नासेक गॉस देतो.

ही दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरएकडे निरीक्षणाच्या प्रस्तावांसाठी वर्षातून दोनदा आवाहन निघते, आणि जुनी निरीक्षणे संग्रहातून मागवता येतात. सुरुवात संग्रहापासूनच करावी. कासा या संगणकप्रणालीने तेजाचे मापन ३सी४८ किंवा ३सी२८६ यांसारख्या प्रमाण स्रोतांवर बसवावे, मग एकूण तेजाची आणि वर्तुळाकार ध्रुवीकरणाची अशा दोन वेगळ्या प्रतिमा काढाव्यात. बहुतेक दूरच्या दीर्घिका वर्तुळाकार ध्रुवीकरणात जवळजवळ दिसेनाशा होतात, त्यामुळे तिथे उरलेला बिंदू ताऱ्याचा असण्याची शक्यता वाढते. उजवे आणि डावे ध्रुवीकरण कोणत्या संकेताने नोंदले आहे, हे मात्र ज्ञात चिन्हाच्या स्रोतावर पडताळून घ्यावे. तिथे चूक झाली तर ध्रुवता उलटी लिहिली जाते. उत्सर्जन तीव्र, जवळपास पूर्ण ध्रुवित आणि परिवलनाच्या ठराविक कलेला परत येणारे असेल तरच त्याला मेसर म्हणावे. सौम्य आणि अल्प ध्रुवित उत्सर्जन बहुधा ज्वालांमधील वेगवान इलेक्ट्रॉनांचे असते, आणि त्याला २.८ ने भागून काढलेला आकडा निरर्थक ठरतो.

आणि ताऱ्याच्या जागी काहीच दिसले नाही, तर तेही वहीत उतरवावे: निरीक्षणाचा दिनांक, वारंवारतेचा पट्टा, त्या वेळी ताऱ्याची परिवलनकला आणि प्रतिमेतील गोंगाटाच्या तिप्पट मूल्य ही वरची मर्यादा. मेसरचा झोत आकाशातून दीपगृहाच्या प्रकाशासारखा फिरत असतो, आणि तो कोणत्या कलांना आपल्याकडे नव्हता हे पुढच्या प्रस्तावात निरीक्षणाची वेळ मागताना याच ओळीवरून ठरते.